जमिनीवरचा माणूस

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी घाबरट नाही! मी सावध आहे. घाबरट माणूस ऐनवेळी पळून जातो; मी पळून जाण्याची आधीच नीट तजवीज करून ठेवतो. शिडीवर चढायची वेळ आली की मी शिडी धरणारा होतो. सगळे पोहायला उतरले की मी सगळ्यांचे कपडे सांभाळतो. गच्चीवर फोटो काढायचा असेल तर फोटो काढणारा मीच, आणि तोही गच्चीच्या मधोमध उभा राहून. या धोरणाने मला आजवर कधी दगा दिला नव्हता. त्यामुळे सासऱ्यांनी विमान बांधलं तेव्हाही मी मनात म्हटलं, काळजी नाही! इथेही खाली काहीतरी काम निघेलच.

हो, विमानच! आमच्या घरात सासरे विमान बांधतात आणि बायको ते चालवते. लग्न ठरताना मला एवढंच सांगण्यात आलं होतं की, ‘बाबा शेडमध्ये काहीतरी खुडबुड करत असतात.’ मला वाटलं, खुर्च्या करत असतील. सासरेबुवांनी आयुष्यभर मोटारींचं गॅरेज चालवलं आणि निवृत्त झाल्यावर त्यांना जमिनीवर चालणाऱ्या गाड्यांचा कंटाळा आला. बायकोकडे रीतसर परवाना आहे. विमान तपासनिसांनी पास केलेलं आहे, आणि बायको ते एकटीने कितीतरी वेळा उडवून सुखरूप परत आलेली आहे. थोडक्यात, तक्रार करायला मला कुणी जागाच ठेवली नव्हती.

त्या विमानाला सीट मात्र दोन! डावीकडची बायकोची. उजवीकडची रिकामी. ती रिकामी सीट ही माझ्या संसारातली सर्वांत भयंकर वस्तू होती. दर सुट्टीला बायको विमानतळावरच्या शेडमध्ये हेडफोन चढवताना सहज म्हणायची, “येतोस?” कधी माझा कान दुखायचा, कधी गुडघा धरायचा, कधी कुठल्यातरी दुकानदाराचा वजनकाटा नेमका तेव्हाच बिघडायचा. (मी इलेक्ट्रॉनिक वजनकाटे दुरुस्त करतो.) मग ती एकटी उडून जायची. आणि मी खाली कुंपणाची तार घट्ट धरून उभा राहायचो. आकाशातला तो ठिपका दिसेनासा झाला की माझा जीव टांगणीला, तो परत दिसेपर्यंत! म्हणजे वर जायची भीती वाटायचीच, पण खाली राहूनही सुख नव्हतं. हे मी तिला कधी सांगितलं नाही, कारण सावध माणसं असं काही सांगत नसतात.

अशात एक दिवस सासरेबुवा चहाच्या कपात बघत म्हणाले, “इंजिन पेट्रोल फार पितंय. प्लग काळे पडतायत. हवा आणि पेट्रोल नेमकं किती मिसळतंय, ते कळायला हवं.”

“मग कळवून घ्या ना,” मी म्हणालो.

“त्याला वाइडबँड सेन्सर लागतो. सायलेन्सरच्या नळीत बसवायचा. जळून आलेल्या धुरात ऑक्सिजन किती उरला, ते तो ओळखतो. ऑक्सिजन उरला, म्हणजे पेट्रोल कमी पडलं. काहीच उरला नाही, म्हणजे पेट्रोल जास्त झालं. किती कमी, किती जास्त, सगळं आकड्यात. पण त्या सेन्सरला सांभाळायला कंट्रोलर हवा.”

“विकत मिळतो की!” बायको म्हणाली.

सासरेबुवांनी कप खाली ठेवला. “विकतचं घ्यायचं असतं, तर विमानच नसतं का घेतलं?”

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला! ज्याने कंट्रोलर केला, तो माणूस महत्त्वाचा. महत्त्वाचा माणूस खाली राहून आकडे तपासणार, तारा बघणार, सूचना देणार. अशा माणसाला कोणी विमानात कोंबेल का? मुळीच नाही! मला माझी कायमची जागा दिसली, आणि ती अगदी घट्ट जमिनीवर होती.

“मी करतो कंट्रोलर!” मी टेबलावर मूठ आपटून म्हणालो. “अहो, साखरेच्या दाण्याचं वजन पकडणारा माणूस मी. धुरातला ऑक्सिजन म्हणजे काय मोठंसं!”

बायकोने माझ्याकडे असं पाहिलं, की मला तिच्याशी लग्न केल्याचा पुन्हा एकदा अभिमान वाटला. “खरंच करशील?” ती म्हणाली.

“अगं, डाव्या हाताने!”

दुसऱ्या दिवशीपासून स्वयंपाकघरातलं टेबल माझं झालं. सेन्सर दिसायला मोटारीच्या प्लगसारखा, मागे वायरींची शेपटी. त्याच्या पोटात एक हीटर असतो, आणि तो लालबुंद तापल्याशिवाय स्वारी काम करत नाही. हे मला वाचून ठाऊक होतं. पण वाचलेलं ठाऊक असणं वेगळं आणि टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या कापडाला त्याची झळ लागणं वेगळं! आधी वास आला, मग धूर आला आणि मग सासूबाई आल्या.

“जावईबापू, काय जळतंय?”

“काही नाही, आई. विज्ञान!”

“विज्ञानाला माझंच टेबल सापडलं होय!” असं म्हणत त्यांनी त्यावर तांब्याभर पाणी ओतलं. पहिला सेन्सर तडकला. दुसरा आणला, तो मी विटेवर ठेवला.

आता या सेन्सरला वापरायच्या आधी एक धडा द्यावा लागतो. त्याला मोकळ्या, स्वच्छ हवेत धरायचं, बटण दाबायचं आणि सांगायचं, ‘बाबा रे, ही झाली हवा. हिच्यात एकवीस टक्के ऑक्सिजन. आता बाकी सगळं याच्यावरून ओळख.’ वजनकाट्याचं शून्य लावतात, तसंच हे! रिकाम्या पारड्याला शून्य म्हणायचं आणि मग वजन ठेवायचं. दुकानदार नेमके हेच चुकतात. पारड्यात डबा तसाच ठेवून शून्य लावतात आणि मग माझ्या नावाने ओरडतात. कित्येक दुकानदारांना मी याबद्दल चारचौघांत झापलेलं आहे.

पहिल्यांदा शून्य लावायला घेतलं, तर आकडे नाचायला लागले. मला लगेच कळलं, पंखा! वजनकाट्यालाही वारा लागला की असाच नाच होतो. म्हणून चांगल्या काट्याला काचेची पेटी असते. मी पंखा बंद केला, सेन्सरभोवती पुठ्ठ्याचा आडोसा केला. आकडे शांत झाले. इतक्यात सासूबाई अगदी त्याच्यावर वाकल्या.

“हे आत लाल लाल काय दिसतंय हो?”

आकडा धाडकन खाली आला!

“आई, यावर बोलू नका! तुमच्या श्वासात ऑक्सिजन कमी आहे!”

“माझ्या श्वासात?” सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. “अहो, ऐकलंत का? जावईबापूंच्या मशिनीत माझा ऑक्सिजन कमी आलाय!”

मग काय! सासरेबुवा धावत आले, बायको धावत आली. सोडलेल्या श्वासात सगळ्यांचाच ऑक्सिजन कमी असतो, हे पटवून देण्यासाठी घरातल्या प्रत्येकाला त्या सेन्सरवर फुंकर मारायला लावावी लागली. सगळ्यांचा आकडा सारखाच पडला, तेव्हा कुठे सासूबाईंच्या जिवात जीव आला. पण नंतर त्या जाता-येता म्हणत राहिल्या, “आमच्याच स्वयंपाकघरात आम्हांला तोंड उघडायची चोरी!”

ही हकिगत मी विनाकारण सांगितलेली नाही. पुढे ती मला आठवायला हवी होती, एवढंच.

कंट्रोलरची पेटी तयार झाली. काय देखणी झाली होती म्हणता! मधला दिवा हिरवा, म्हणजे सगळं ठीक. पेट्रोल जास्त झालं तर लाल, हवा जास्त झाली तर निळा. फारच बिघडलं तर जुन्या वजनकाट्यातला भोंगा, जो पारड्यावर फाजील वजन आलं की केकाटतो. आणि इथे मी माझी खरी हुशारी केली. एकाही बटणावर काही लिहिलं नाही! आकडा कुठल्या बटणाने दिसतो, भोंगा कुठल्या बटणाने गप्प होतो, सगळं माझ्या डोक्यात. माझ्याशिवाय कोणाला ओ की ठो कळू नये. कळलं तर माझी खाली गरज काय?

शेडसमोर विमान उभं करून, चाकांना ठोकळे लावून सासरेबुवांनी इंजिन सुरू केलं. पेटीवर लाल दिवा! बायकोने मिश्रणाचा दांडा किंचित मागे ओढला. त्या दांड्याने पेट्रोल कमी-जास्त करता येतं. लालचा हिरवा झाला! इंजिनाचा आवाज असा गुळगुळीत झाला, की सासरेबुवांनी टोपी काढून माझ्या पाठीवर थाप मारली. “जावईबापू, मानलं तुम्हांला!”

मी नम्रपणे हसलो. खरं सांगतो, त्या क्षणी मला माझी खुर्ची दिसत होती. शेडच्या सावलीत, शेजारी चहा.

“मग उद्या वर नेऊन बघू,” बायको म्हणाली.

“अवश्य! जा तू. मी खाली आहेच.”

“खाली? मग पेटी कोण वाचणार?”

“कोण म्हणजे? तू!”

“मी बाहेर बघू, की मांडीवर बघू? आणि या बटणांवर काही लिहिलेलंच नाही. ती फक्त तुला कळतात.”

मी घाईघाईने खिशातून पेन काढलं. “मी लिहून देतो ना! आत्ता देतो!”

“नको नको,” सासरेबुवा उत्साहाने म्हणाले. “ज्याने केलीय, त्यानेच पहिल्यांदा बघावी. उजवीकडची सीट रिकामीच असते की!”

“बाबा, त्या सीटवर वाळूचं पोतं ठेवलं तर?”

“पोत्याला वाचता येतं का?”

“पेटीसमोर कॅमेरा लावू!”

“कॅमेऱ्याला बटणं दाबता येतात का?”

“माझा कान...”

“आज कुठला?” बायकोने विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडून सुटलो असतो. पण ती अगदी हळू म्हणाली, “एकदा ये ना रे. मला आवडेल.” आणि मी, स्वतःच्या हातांनी बांधलेल्या पेटीत स्वतःच अडकलेला माणूस, मान हलवून बसलो.

सकाळी उठून पहिलं काय केलं असेल, तर खिडकी उघडली. वारा होता! झाडं हलत होती! मी आनंदाने ओरडलो, “आज काही जमायचं नाही!”

“ही झुळूक आहे,” बायको बूट घालता घालता म्हणाली. “आज फार छान हवा आहे.”

विमानतळ म्हणजे काय, एक धावपट्टी, काही शेड आणि एक छोटीशी खोली. त्या खोलीत रेडिओपाशी एक गृहस्थ बसतात. सगळे त्यांना ‘रेडिओकाका’ म्हणतात. मी त्यांना आशेने विचारलं, “वारा जास्त आहे ना हो?” ते म्हणाले, “कसला वारा? कधी नव्हे ते तुम्ही जाताय, जा मजेत!” म्हणजे बातमी इथवर पोचली होती. शेजारच्या शेडमधला रंगारीही ब्रश टाकून बघायला आला होता. सासूबाईसुद्धा आल्या होत्या. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. माणूस परत येणार असेल, तर असा हात कोण फिरवतं?

पेटी मांडीवर घ्यायची म्हणून सेन्सरची वायर लांब करावी लागली होती. वायर बदलली की शून्य पुन्हा लावायला हवं. मी सेन्सर सायलेन्सरमधून काढला, तापवला, पकडीत धरला आणि वाऱ्यात उभा राहिलो. आकडे नाचायला लागले! पण मी अनुभवी माणूस. वारा लागतोय ना? मग आडोसा करा! मी शेडच्या कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसलो, जाकिटाची चेन उघडली, पकड छातीशी धरली, जाकीट दोन्ही बाजूंनी ओढून घेतलं आणि मान आत घालून आकडा बघत बसलो. श्वास लोहाराच्या भात्यासारखा चालला होता. आकडे हळूहळू स्थिर झाले. मी बटण दाबलं. पेटी म्हणाली, एकवीस! बघा, भीती वेगळी आणि काम वेगळं. कामात माझी चूक व्हायची नाही!

सेन्सर जागच्या जागी बसला. मीही बसलो. बायकोने माझा पट्टा आवळला, डोक्यावर हेडफोन चढवला. “आपण दोघं यातून बोलायचं. आणि ती वायरीला लोंबतेय ना, ती मूठ दाबली की रेडिओवरून खाली ऐकू जातं. तिला हात लावू नकोस.”

मी ऐकलं. पण ऐकलेलं सगळं डोक्यात राहायला डोकं ठिकाणावर असावं लागतं. विमान पळायला लागलं, शेड मागे गेल्या, रंगारी मागे गेला, हात हलवणाऱ्या सासूबाई मागे गेल्या. खालची खडखड एकदम थांबली. ती का थांबली, हे लक्षात आल्यावर माझी पाचावर धारण बसली! धरायला काहीतरी हवं म्हणून मी हात फिरवला. हाताला एक छानशी मूठ लागली. ती मी जिवाच्या कराराने धरली.

“पेटी काय म्हणतेय?” बायकोने विचारलं.

मी एक डोळा उघडला. “लाल! भडक लाल! पेट्रोल जास्त!”

“वर चढताना थोडं जास्तच हवं असतं.”

“थोडं नाही! आकडा पार तळाला गेलाय! बुडालो!”

तिने दांडा किंचित ओढला. लालच. आणखी किंचित ओढला. लालच! भोंगा केकाटायला लागला. आणखी एक केसभर ओढला, तर हिरवा दिवा न लागताच एकदम निळा! इंजिन खाकरलं.

“निळा! हवा जास्त! हवा जास्त आहे! ढकल! दांडा ढकल!”

ढकलला. पुन्हा लाल!

“ओढ! ओढ!”

ओढला. पुन्हा निळा!

“ढकल गं बाई! आई गं! मेलो!”

ही पेटी काल किती शहाण्यासारखी वागत होती, आणि आज तिला मधलं काही दिसतच नव्हतं. एक तर बुडालो, नाहीतर पेटलो! मी बटणं दाबत होतो, भोंगा बंद होत होता आणि पुन्हा सुरू होत होता. खाली सगळं जग एवढंएवढंसं झालं होतं. बायको मात्र शांत. ती दांडा ओढत होती, ढकलत होती आणि कान देऊन ऐकत होती.

“अरे, इंजिन तर नीट वाटतंय,” ती म्हणाली.

“तुला वाटतंय! मी मोजतोय!” मी किंचाळलो, आणि मग माझा बांध फुटला. “मी घाबरतो गं! मला उंचीची भीती वाटते! माझा कान कधीच दुखत नव्हता! ही पेटीसुद्धा मी खाली राहायला मिळावं म्हणून केली! बटणांवर मुद्दाम काही लिहिलं नाही! आणि खाली राहूनही मला सुख नाही! तू वर गेलीस की मी कुंपण धरून अर्धा मेलेला असतो! आता दोघंही वर आलोय, तर खाली काळजी करायला कोण आहे?”

बायकोने माझ्याकडे वळून पाहिलं. मग माझ्या हाताकडे पाहिलं.

“अरे,” ती म्हणाली, “खाली सगळेच आहेत. मूठ सोड.”

मी खाली पाहिलं. म्हणजे जमिनीकडे नाही, हाताकडे! माझी बोटं त्या मुठीवर पांढरी पडली होती. मी ती सोडली. लगेच हेडफोनमध्ये रेडिओकाकांचा आवाज आला. मी मूठ दाबून धरल्यामुळे ते बिचारे केव्हापासून तिष्ठत असणार. “ऐकू येतंय का? पट्टी मोकळी आहे! पाण्याचा बंब काढलाय! कुठेही उतरा, आम्ही आहोत!” त्यांच्या मागून सासूबाईंचा आवाज, “आधी जावईबापूंना म्हणावं, रडू नका!” आणि त्याहून मागून सासरेबुवा, “माझ्या इंजिनाला काय झालं, ते विचारा!”

“इंजिन ठीक आहे,” बायको मूठ दाबून शांतपणे म्हणाली. “माणूस जरा गरम झालाय. परत येते.” मग तिने माझ्या मांडीवरची पेटी सरळ बंद केली. भोंगा थांबला. तिने दांडा हळूहळू, आवाज ऐकत, तिला हवा तिथे आणून ठेवला. इंजिन आपलं गुणगुणत राहिलं.

“तू कुंपण धरून उभा असतोस, ते मला वरून दिसतं,” ती म्हणाली. “दर वेळी. म्हणून तर विचारत होते, येतोस का. म्हटलं, इथे बसलास तर एक तरी भीती कमी होईल तुझी.”

भीती होतीच. पण खरंच, तिच्यासाठीची जी भीती मी खाली उभा राहून खायचो, ती त्या सीटवर शोधून सापडली नाही. फक्त माझ्या स्वतःच्या जिवाचीच तेवढी उरली होती, आणि तीही काही कमी नव्हती म्हणा!

उतरलो तेव्हा पट्टीच्या कडेने बंब आमच्याबरोबर पळत होता. शेडसमोर गर्दी. विमान चालवायला शिकवणारे, शिकणारे, रंगारी, कँटीनचा माणूस, आणि रेडिओ ऐकणारं जे कोणी होतं ते सगळं हजर! मला पाहताच सगळे एकदम दुसरीकडे बघायला लागले. हसू दाबणाऱ्या माणसांचे खांदे कसे हलतात, ते मी त्या दिवशी जवळून पाहिलं.

सासरेबुवा मात्र गंभीर होते. त्यांनी सेन्सर काढला, पकडीत धरला, हात लांब करून मोकळ्या हवेत उभे राहिले. “चालू करा पेटी.”

वारा पडला होता. आकडा आला आणि ठाम उभा राहिला. सव्वीस.

“जावईबापू,” सासरेबुवा म्हणाले, “हवेत एकवीस टक्के ऑक्सिजन असतो ना? आपण वर जाऊन आलात, तेवढ्यात जग इतकं सुधारलं?”

मी त्या आकड्याकडे बघत राहिलो. सव्वीस! म्हणजे पेटी सगळंच वाढवून सांगत होती. थोडं जास्त झालं की फार जास्त, थोडं कमी झालं की फार कमी. असं कधी होतं? शून्य लावताना पारड्यात काहीतरी राहिलं तर! पण काय राहिलं? मी कोपऱ्यात बसलो... आडोसा केला... जाकिटात मान घातली... धापा टाकत...

मी मटकन खाली बसलो.

“काय झालं?” बायकोने विचारलं.

“माझा श्वास,” मी म्हणालो. “मी पेटीला माझा श्वास दाखवला. त्यात ऑक्सिजन सतराच टक्के, आणि मी म्हटलं, ही हवा, एकवीस!”

मग सासूबाई पुढे आल्या. या क्षणाची त्या स्वयंपाकघरातल्या दिवसापासून वाट बघत असाव्यात.

“जावईबापू,” त्या म्हणाल्या, “यावर बोलायचं नसतं ना हो?”

मग मात्र कोणाचेच खांदे नुसते हलले नाहीत! बंबावरचा माणूस तर बंबाला धरून हसत होता. सासरेबुवा डोळे पुसत म्हणाले, “म्हणजे त्या बिचाऱ्या पेटीला वाटलं, जगातली सगळी हवा घाबरलेलीच असते!”

मीही हसलो. दुसरं करणार काय? आणि धीर करून विषयाला हात घातला. “चूक सापडली. आता शून्य नीट लावतो, बटणांवर नावं लिहून देतो. आता कोणीही पेटी वाचू शकेल. मी आपला खाली राहीन.”

“छे छे!” सासरेबुवांचं हसू एकदम थांबलं. “खाली? शून्य लावताना तुम्ही या पेटीच्या आसपाससुद्धा नकोत! तुमचा काय भरवसा? विमान उडणार म्हटलं की तुमचा भाता सुरू. आडोसा करायला जाल आणि पुन्हा फुंकून ठेवाल.”

“मग मी लांब उभा राहतो, बाबा. कुंपणापाशी.”

“कुंपणापाशी तर नकोच,” बायको म्हणाली. “तिथे तू अर्धा मरतोस. सगळ्यांनी ऐकलंय.”

“मग यांना ठेवायचं तरी कुठे?” सासूबाईंनी विचारलं.

सगळ्यांनी नुसतं विमानाकडे पाहिलं.

आता पद्धत ठरून गेली आहे. निघायच्या आधी मला उजव्या सीटवर बसवतात, पट्टा आवळतात आणि दार लावतात. दार बंद असलं की माझा श्वास माझ्यापाशीच राहतो. मग बाहेर सेन्सरचं शून्य लागतं. ते लावतात सासूबाई! हात लांब, तोंड घट्ट मिटलेलं, एक अक्षर न बोलता. पेटी इतकी अचूक चालते, की पेट्रोल पूर्वीपेक्षा कितीतरी कमी लागतं, त्यामुळे आम्हांला पूर्वीपेक्षा कितीतरी लांब जाता येतं. ही माझ्या कामाची मला मिळालेली बक्षिसी.

थोडक्यात काय, जमिनीवरच्या माणसाची जागा भरली गेली आहे. कधी आमच्या बाजूला आलात आणि मला भेटावंसं वाटलं, तर मान वर करून बघा. नुसतं ऐकायचं असेल, तर तेवढेही कष्ट घेऊ नका; रेडिओची ती मूठ अजून माझ्याच हातात असते.